शेताची अन्नवही : सोलापूरच्या काळ्या रानात कर्ब आणि नत्राचा हिशोब कसा ठेवावा

सोलापूर जिल्ह्यातून साखरेचे पोते बाहेर जाते तेव्हा त्यासोबत जमिनीतले जवळजवळ काहीच जात नाही. कडब्याची गाडी जाते तेव्हा मात्र रानातला पालाश (पोटॅशियम) त्या गाडीत बसून जातो. हे विधान पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटे वाटते, कारण ऊस जमीन खातो आणि ज्वारी बिचारी काही मागत नाही अशीच आपली समजूत असते. परंतु साखर ही कर्ब (कार्बन), हायड्रोजन आणि ऑक्सिजन या तिघांचीच बनलेली असते, आणि हे तिन्ही उसाला हवेतून व पाण्यातून मिळालेले असतात. उसाने मुळांवाटे उचललेले स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश कारखान्याच्या आवारातच प्रेसमडमध्ये (रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळात), मळीत, आसवनीच्या सांडपाण्यात आणि भट्टीच्या राखेत अडकून राहतात. नत्राचा (नायट्रोजनचा) काही भाग चिपाडाबरोबर जळतो, बाकीचा याच वाटांनी थांबतो. ते परत रानात आले तर फेरा पूर्ण होतो, आले नाहीत तर तो तुटतो.

अन्नद्रव्यांचे चक्र शाळेच्या पुस्तकात बाण काढून दाखवलेले असते आणि ते बाण सगळे सारख्याच जाडीचे असतात. प्रत्यक्ष रानात काही बाण दोरखंडाएवढे जाड असतात, काही सुताएवढे, आणि एखादा बाण रानाबाहेर जाऊन परत येतच नाही. आपल्या शेतात तो कोणता हे शोधण्यासाठी एका एकराची, एका वर्षाची वही कशी ठेवावी, ते येथे सांगितले आहे. ही पद्धत प्रामुख्याने पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसावर चालणाऱ्या, रब्बी ज्वारीच्या काळ्या रानासाठी आहे. बागायतदाराने तिच्यात पाण्याचा आणि पाचटाचा (उसाच्या वाळलेल्या पानांचा) भाग जोडून घ्यावा.

वहीचे रकाने आणि पहिला नमुना

वहीला चार रकाने पुरतात: आत आले, बाहेर गेले, रानातल्या रानात फिरले, आणि हवेत किंवा पाण्यात हरवले. शेवटचा रकाना मोजता येत नाही, तो अंदाजाने भरावा लागतो, आणि तरीही तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो. वर्षाची सुरुवात मे महिन्यात करावी, कारण त्या वेळी रान मोकळे असते आणि जमिनीतली बहुतेक जीवक्रिया कोरडेपणामुळे थांबलेली असते. दुकानदार दिवाळीला वही बदलतो, शेताची वही मृगाच्या आधी बदलावी.

पहिली नोंद माती परीक्षणाची. एका एकरात नागमोडी चालत पंधरा ते वीस जागा निवडाव्यात, प्रत्येक जागी इंग्रजी व्ही अक्षरासारखा सहा इंच खोल खड्डा घेऊन त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची चकती काढावी, सगळी माती गोणपाटावर एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावेत, आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत हेच करत राहावे. बांधाजवळची, उकिरड्याखालची, झाडाखालची आणि जनावरे बसण्याच्या जागेची माती घेऊ नये. खत टाकल्यानंतर किमान दोन-तीन महिने जाऊ द्यावेत. माती सावलीत वाळवावी.

याच दिवशी दुसराही एक नमुना घ्यावा, जो सहसा कोणी घेत नाही. आपल्याच शेताच्या जुन्या, कधीही न नांगरलेल्या, गवताने झाकलेल्या रुंद बांधावरची माती वेगळ्या पिशवीत भरून तिचाही सेंद्रिय कर्ब तपासून घ्यावा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातल्या गवताळ माळाकडे पाहिले की वर फारसे काही दिसत नाही, कारण गवताची मोठी कमाई मुळांत, जमिनीखाली असते आणि तिथे नांगर चालत नाही; बांध हा आपल्या शेतातला तसाच लहानसा माळ होय. बांधाचा आकडा आणि रानाचा आकडा यांतला फरक म्हणजे आपल्या मातीची रिकामी पडलेली कोठी. अहवालातली ‘कमी’, ‘मध्यम’ ही वर्गवारी सगळ्या राज्यासाठी एकच असते. बांधाचा आकडा मात्र आपल्याच हवेतला, आपल्याच मुरुमावरचा असतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे पांढरे खडे असतात आणि चुनखडीतही कर्ब असतो, पण तो दगडातला कर्ब आहे, जिवाणूंच्या उपयोगाचा नव्हे. वॉकले आणि ब्लॅक यांनी १९३४ मध्ये सांगितलेल्या पद्धतीने प्रयोगशाळा जो कर्ब मोजतात तो सेंद्रिय असतो. ‘एकूण कर्ब’ असा आकडा कोणी दिला तर त्यात चुनखडी मिसळली आहे का, हे विचारल्याशिवाय तो वहीत लिहू नये. मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर फसफस झाली, तर आपल्या रानात चुनखडी भरपूर आहे असे समजावे. अशा रानात सामू (पीएच) आठाच्या वर असतो, स्फुरद चुन्याशी बांधला जातो, आणि जस्त व लोह असूनही पिकाला मिळत नाही.

बाहेर काय गेले

एका एकरात मालदांडी या रब्बी ज्वारीच्या वाणाचे पाच क्विंटल धान्य आणि पंधरा क्विंटल कडबा निघाला असे धरू. ज्वारीच्या दाण्यात सुमारे दहा टक्के प्रथिने असतात. प्रथिनांच्या वजनाला सव्वासहाने भागले की नत्र मिळते, म्हणजे दाण्यात साधारण १.६ टक्के. त्या हिशोबाने धान्यातून आठ किलो नत्र गेले. कडब्यात नत्राचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, म्हणून तिकडूनही सात-साडेसात किलो गेले. स्फुरद दोन्हीकडून मिळून तीन किलोच्या घरात जाते. पालाशाचे मात्र चित्र वेगळे आहे: धान्यातून दोन किलोही जात नाही, आणि कडब्यातून सुमारे अठरा किलो जातो.

हे आकडे मूलद्रव्याचे आहेत. खताच्या पोत्यावरचे आकडे स्फुरद आणि पालाशाच्या ऑक्साइडचे असतात, आणि ही गल्लत न ओळखल्यामुळे पुष्कळ हिशोब चुकतात. पोत्यावरच्या स्फुरदाला ०.४४ ने आणि पालाशाला ०.८३ ने गुणले की मूलद्रव्याचा आकडा मिळतो. उलट बाजूने पाहिले तर अठरा किलो पालाश म्हणजे पोत्याच्या भाषेत बावीस किलो, म्हणजेच म्युरेट ऑफ पोटॅश या पालाशाच्या खताचे सुमारे छत्तीस किलो. बेसाल्टच्या खडकापासून झालेली काळी जमीन पालाशाने श्रीमंत असते, म्हणून आज उणीव भासत नाही. पण श्रीमंताच्याही घरातून रोज एक भांडे गेले तर ते वहीत दिसले पाहिजे, विशेषतः म्युरेट ऑफ पोटॅश आपल्या देशाला जवळजवळ पूर्णपणे बाहेरून आणावे लागत असताना.

कडबा विकूच नये असा याचा अर्थ नाही. दुष्काळी वर्षी कडब्याचा भाव धान्याला मागे टाकतो आणि कोणाही शहाण्या माणसाने तो विकावा. विकताना पेंढीमागे काय गेले ते लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या हंगामात ते कोठून परत आणायचे याचा विचार करता येतो. कडबा स्वतःच्या गोठ्यात गेला, तर तो ‘बाहेर गेले’ या रकान्यात न लिहिता ‘रानातल्या रानात फिरले’ या रकान्यात लिहावा, पण शेण आणि मूत्र खरोखर परत येत असेल तरच.

कर्बाची कोठी आणि नत्राची किल्ली

एका एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचे वजन सुमारे नऊ लाख किलो धरतात. सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के आला, तर त्या थरात ३,६०० किलो कर्ब आहे. मातीतल्या मुरलेल्या सेंद्रिय पदार्थात बारा भाग कर्बामागे एक भाग नत्र असते, म्हणून तीनशे किलो नत्रही त्यातच आहे. हे तीनशे किलो म्हणजे बँकेतली मुदत ठेव आहे: वर्षाला त्यातले दोन ते तीन टक्केच जिवाणू मोकळे करतात, म्हणजे सहा ते नऊ किलो. ज्वारीने नेले पंधरा-साडेपंधरा किलो. पावसाबरोबर हवेतून थोडे येते, तरी तूट उरतेच. हवेत ७८ टक्के नत्रवायू आहे, पण तो पिकाला वापरता येत नाही. तो मातीत आणण्याचे काम डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठीतले रायझोबियम जिवाणू करतात किंवा हाबर आणि बॉश यांच्या पद्धतीने चालणारे कारखाने करतात. तसा पहिला कारखाना जर्मनीत ओपाऊ येथे १९१३ मध्ये सुरू झाला.

आता कर्ब ०.४ वरून ०.५ टक्क्यांवर न्यायचा असेल तर एकरी नऊशे किलो कर्ब मातीत टिकून राहिला पाहिजे. वाळलेल्या काडात सुमारे ४२ टक्के कर्ब असतो, म्हणजे एका टनात ४२० किलो. परंतु जिवाणू हा कर्ब खातात तेव्हा त्यातला साधारण तिसरा हिस्सा त्यांच्या शरीरात जातो आणि उरलेला कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) होऊन हवेत परततो; पुढे ते जिवाणूही मरतात आणि दुसरे त्यांना खातात. आपल्या उष्ण हवेत वर्षअखेर पाचवा हिस्सा उरला तरी चांगले म्हणावे. म्हणजे टनाला ८४ किलो. नऊशे किलोसाठी जवळजवळ अकरा टन काड, आणि तेही जुना कर्ब या काळात कमी झाला नाही असे मानून. एका हंगामात कर्ब दुप्पट करून देणारी बाटली कोणी विकायला आणली, तर हा गुणाकार त्याच्यासमोर करून दाखवावा.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की नुसता कर्ब मातीत साठतच नाही. मुरलेल्या सेंद्रिय पदार्थात कर्बाबरोबर नत्र, स्फुरद आणि गंधक ठरावीक प्रमाणात लागतात. नऊशे किलो कर्बामागे सुमारे ७५ किलो नत्र, १८ किलो स्फुरद आणि १३ किलो गंधक. ते नसले तर कितीही काड टाकले तरी ते हवेत उडून जाते. कोठी कर्बाची आहे खरी, पण तिची किल्ली नत्राकडे आहे.

ही किल्ली विसरल्याचा अनुभव मला स्वतःला आहे. एका वर्षी मी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मक्याच्या वाळक्या काडाची कुट्टी करून, मोठ्या समाधानाने, रानात गाडली आणि तीन आठवड्यांनी मालदांडी पेरली. उगवण झाली, आणि पुढच्या पंधरा दिवसांत शेत पिवळे पडले. शेजारचे आबा बांधावर उभे राहून म्हणाले, “रान अजून काडच पचवतंय, ज्वारीला काय देणार?” शास्त्र हेच सांगते. जिवाणूंच्या शरीरात आठ भाग कर्बामागे एक भाग नत्र असते आणि श्वासासाठी जाणारा कर्ब धरला तर त्यांना चोवीस-पंचवीसास एक असे अन्न लागते. काडात हे प्रमाण सत्तरास एक असते. उणे पडणारे नत्र जिवाणू मातीतून ओढून घेतात आणि पीक उपाशी राहते. ते नत्र नाहीसे होत नाही, दोन-तीन महिन्यांनी परत मोकळे होते. परंतु तोवर ज्वारी पोटरीत आलेली असते.

म्हणून वहीत प्रत्येक सेंद्रिय वस्तूसमोर तिचे कर्ब-नत्र प्रमाण लिहावे. उसाचे पाचट शंभरास एक किंवा त्याहून जास्त, ज्वारीचे काड साठ ते ऐंशीस एक, शेण वीस-पंचवीसास एक, गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) कोवळा पाला पंधरास एक. पंचविसाच्या वरची वस्तू पेरणीच्या तोंडावर गाडू नये, खालची वस्तू पेरणीच्या फार आधी गाडून वाया घालवू नये.

जूनमध्ये सुटणारे नत्र आणि ऑक्टोबरमधली पेरणी

सोलापूरच्या अन्नचक्रातली सर्वांत मोठी गळती, माझ्या मते, येथे आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

मार्च ते मे या काळात काळे रान भेगाळते, पृष्ठभाग भट्टीसारखा तापतो, आणि मातीतले जिवाणू मोठ्या संख्येने मरतात किंवा निद्रिस्त होतात. मग पहिला दमदार पाऊस येतो. ओल मिळताच उरलेले जिवाणू मेलेल्यांवर आणि भेगांमुळे उघड्या पडलेल्या सेंद्रिय पदार्थावर तुटून पडतात, आणि काही दिवसांत कर्बवायू व नत्र यांचा लोंढा सुटतो. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेच्या जमिनींवर काम करून १९५८ मध्ये ही गोष्ट नीट मांडली आणि ती त्यांच्या नावानेच ओळखली जाते. ज्या मृद्गंधाचे आपण कौतुक करतो, त्यातला मोठा भाग मातीतल्या ॲक्टिनोमायसिटीज जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिनचा असतो. त्या वासाच्या दिवसांतच रानाची तिजोरी उघडते, हे ध्यानात ठेवावे.

आता पेरणी पाहा. रब्बी ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान पेरली जाते. जूनमध्ये सुटलेले नत्र चार महिने मोकळ्या, नुसत्या वखरलेल्या रानात पडून राहते. ते नायट्रेटच्या रूपात असते आणि पाण्याबरोबर कोठेही जाते. जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. त्या वेळी चिकण काळ्या मातीत पाणी साचते, हवा कोंडते, आणि ऑक्सिजन न मिळालेले जिवाणू नायट्रेटचाच श्वास घेऊन त्याचा नत्रवायू आणि थोडा नायट्रस ऑक्साइड करून टाकतात. हा नायट्रस ऑक्साइड वजनास वजन धरल्यास शंभर वर्षांच्या हिशोबाने कर्बवायूच्या सुमारे २७० पट उष्णता अडवतो. तिजोरी जूनमध्ये उघडली, मालक ऑक्टोबरमध्ये आला.

ही गळती बुजवण्याचे दोन मार्ग आहेत आणि कोणता निवडावा हे जमिनीच्या खोलीवर ठरते. मध्यम ते खोल जमीन असेल आणि मृगाचा किंवा आर्द्राचा पाऊस वेळेवर पडला असेल, तर मूग किंवा उडीद घ्यावा. त्यांची मुळे ते मोकळे नत्र उचलतात, गरज पडल्यास हवेतलेही बांधतात, आणि ऑगस्टअखेर रान मोकळे करून देतात. परंतु मूग मुळासकट उपटून खळ्यावर नेला, शेंगा झोडल्या आणि भुसकट गोठ्यात गेले, तर रानाला काहीही मिळालेले नसते; मुगात चोवीस टक्के प्रथिने असतात, म्हणजे तीन क्विंटल मुगातून साडेअकरा किलो नत्र बाहेर पडते. शेंगा तोडून घ्याव्यात आणि पाला-ताटे जागेवरच वखराखाली घालावीत.

दुसरा मार्ग तागाचा. पहिल्या वापशाला, म्हणजे रान ओलसर पण मशागतीजोगे होताच, ताग पेरून सहा-सात आठवड्यांनी, फुलोरा दिसू लागताच, तो गाडावा. उशीर केला की ताग दोरासारखा चिवट होतो आणि त्याचे कर्ब-नत्र प्रमाण वर चढते. ऑगस्टच्या मध्यापर्यंत गाडणे झाले, तर सप्टेंबरच्या पावसाने जमिनीत ओल पुन्हा भरते आणि तागातले नत्र ज्वारीच्या वाढीच्या काळातच सुटते. पेरणी आणि गाडणी दोन्ही तारखा वहीत लिहाव्यात.

उथळ, मुरमाड जमिनीत किंवा जुलै कोरडा गेलेल्या वर्षी यांपैकी काहीही करू नये. खरीप पडीक ठेवून ओल साठवण्याची आपल्या वाडवडिलांची रीत अज्ञानातून आलेली नव्हती. येथे नत्राच्या आधी पाणी संपते. अशा जागी बांधावर गिरिपुष्प लावणे हाच उपाय उरतो. त्याची मुळे खोल जातात, फांद्या छाटल्या तरी पुन्हा फुटतात, आणि पेरणीआधी तोडलेला पाला रानात पसरून कुळवाने मिसळला की पीक उपाशी राहत नाही.

गोठा आणि उकिरडा

जनावर जे नत्र खाते त्यातला तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग शेणामुतातून परत येतो, आणि पालाश तर बहुतेक सगळा मूत्रातूनच येतो. आपण मात्र शेण सांभाळतो आणि मूत्र जमिनीत जिरू देतो, किंवा शेणही गोवऱ्या थापून चुलीत घालतो. मूत्रातल्या नत्राचा अमोनिया व्हायला आपल्या उन्हात एक-दोन दिवस पुरतात. गोठ्यात डोळे चुरचुरले की नत्र उडत आहे असे समजावे. गव्हाणीतली उष्टावळ आणि थोडी कोरडी माती जनावराखाली पसरून, ती ओली होताच उचलून खड्ड्यात टाकावी. कडब्याबरोबर गोठ्यात गेलेला अठरा किलो पालाश परत रानात आणण्याची याहून स्वस्त युक्ती नाही.

कंपोस्टच्या बाबतीत इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९२४ नंतर बसवलेली थर पद्धत आणि पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी, दोन्ही चांगल्या आहेत. चूक होते ती वेळेत आणि प्रमाणात. धसकटे आणि काड फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळते म्हणून त्याच वेळी ढीग लावला, तर आपल्या उन्हात तो दोन दिवसांत कोरडा पडतो आणि फक्त उधईची सोय होते. काड एका बाजूला रचून झाकून ठेवावे आणि पहिल्या पावसानंतर, गिरिपुष्प फुटल्यावर, ढीग लावावा; ऑगस्टमध्ये एकदा वरखाली केला की सप्टेंबरअखेर खत तयार होते.

प्रमाणाचा हिशोब एकदा स्वतः करून पाहावा. शंभर किलो वाळल्या काडात ४२ किलो कर्ब आणि ०.६ किलो नत्र असते. ढीग तीसास एक या प्रमाणावर आणायचा असेल आणि केवळ ओले शेण वापरायचे असेल, तर सुमारे आठशे किलो शेण लागते, कारण ओल्या शेणात ऐंशी टक्के पाणीच असते. तेच काम गिरिपुष्पाचा दोनशे किलोंहून थोडा अधिक ओला पाला करतो, किंवा पावणेदोन किलो युरिया करतो. शेण हे जिवाणूंचे विरजण म्हणून उत्तम आहे, पण नत्राचा मुख्य स्रोत म्हणून ते अपुरे पडते. मूठभर ढीग हातात दाबल्यावर बोटांच्या फटीत ओल दिसावी पण थेंब गळू नये, आणि चार-पाच दिवसांनी आत खुपसलेली लोखंडी सळई हातात धरवू नये इतकी तापावी.

धनगर मेंढपाळाला बोलावून रानात मेंढरे बसवण्याची रीत जिथे टिकून आहे तिथे ती जरूर चालू ठेवावी. दिवसभर माळावर चरलेले अन्न रात्री थेट आपल्या रानात, मूत्रासकट, येऊन पडते. वाहतूक नाही, उकिरड्यावरची गळतीही नाही. किती मेंढरे, किती रात्री बसली हे ‘आत आले’ या रकान्यात लिहावे.

उसाचे पाचट

एकरी तीन-चार टन पाचट पडते. त्याला काडी लावली तर टनामागे सुमारे चारशे किलो कर्ब आणि चार किलो नत्र अर्ध्या तासात धुरात जाते. गंधकाचाही मोठा भाग जातो. राखेत स्फुरद आणि पालाश उरतात, पण राख वाऱ्याने पलीकडच्या शेतात किंवा पहिल्या सरीने ओढ्यात जाते. खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारे पीक) ठेवायचा असेल तर पाचटाची कुट्टी करून सरीत पसरावी आणि टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. सुपर फॉस्फेटच निवडण्याचे कारण वर आलेच आहे: त्यात स्फुरदाबरोबर गंधकही असते, आणि कर्ब साठायला दोन्ही लागतात. युरिया कोरड्या पाचटावर उघडा पडू देऊ नये. चुनखडीच्या जमिनीत तो अमोनिया होऊन उडतो.

पाण्याबरोबर येणारे आणि गाळात बसलेले

पुण्याकडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते, आणि त्याबरोबर नत्र व स्फुरदही येतात. धरणात ते शेवाळ आणि जलपर्णी पोसतात, रानात तेच खत असते. पाण्याच्या तपासणीत नायट्रेट-नत्राचा आकडा मागून घ्यावा. लिटरला पाच मिलिग्रॅम आला आणि एकरावर दहा सेंटिमीटर पाणी दिले, तर दोन किलो नत्र आले असे लिहावे. विहिरीच्या पाण्यालाही हाच हिशोब लागू आहे, आणि तिथले नायट्रेट बहुधा आपल्याच वरच्या रानातून झिरपलेले असते. पाझर तलावातला गाळ उन्हाळ्यात काढून हलक्या रानात पसरणे म्हणजे पूर्वी वाहून गेलेली चिकण माती परत आणणे होय. मात्र खोल काळ्या रानात गाळ टाकून उपयोग नाही, तिथे निचरा आणखी बिघडतो.

सुती पट्टीची परीक्षा

वही खरी बोलते आहे का, हे पाहण्यासाठी एक सोपी परीक्षा आहे आणि तिला लागणारी वस्तू सोलापुरात कोणत्याही घरात सापडते. जुन्या, शंभर टक्के सुती चादरीच्या किंवा पंचाच्या वीतभर लांबीच्या सारख्या वजनाच्या सहा पट्ट्या कापाव्यात. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, म्हणजे कर्बाचे अन्न, ज्यात नत्र नाहीच. तो कुजवण्यासाठी जिवाणूंना नत्र मातीतूनच आणावे लागते. जुलैच्या वापशाला तीन पट्ट्या रानात आणि तीन जुन्या बांधावर, सहा इंच खोल, उभ्या पुराव्यात आणि प्रत्येकीवर खुंटी रोवावी. दोन महिन्यांनी त्या काढून, हलक्या हाताने धुऊन, वाळवून पुन्हा वजन करावे. बांधावरच्या पट्टीची जाळी झाली आणि रानातली धडकी राहिली, तर रानात जिवाणूंची किंवा नत्राची चणचण आहे. रानातल्याच तीन पट्ट्यांत मोठा फरक आला, तर पाणी साचणारी जागा शोधावी. काठाची शिलाई पॉलिएस्टर धाग्याची असेल तर ती तशीच राहते. ती वजनात धरू नये.

पट्ट्यांचे वजन, ताग गाडल्याची तारीख, पेंढ्यांची संख्या आणि मेंढरांच्या रात्री एवढे लिहून झाले की वर्षाची वही पूर्ण होते. मातीचा पुढचा नमुना दरवर्षी घेण्याची गरज नाही, कारण कर्बातला एका वर्षाचा बदल तपासणीतल्या चुकीपेक्षा लहान असतो. तो तीन वर्षांनी, मे महिन्यातच, त्याच जागांवरून, त्याच खोलीवरून घ्यावा आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेकडे, बांधाच्या नमुन्यासह पाठवावा.